सच्छिद्र दगड टंबलरमध्ये पॉलिश करताना

अकीक किंवा गारगोटी टंबलरमध्ये, म्हणजे दगड फिरवून घासणाऱ्या ड्रमच्या यंत्रात टाकली, ग्रिटचे (घासणाऱ्या दाणेदार पुडीचे) चार टप्पे नीट पार पाडले की महिन्याभरात चकाकी येते. तेच यंत्र, तीच ग्रिट आणि तोच क्रम वापरून फिरोजा, हाउलाइट, बुडबुड्यांच्या खुणा असलेला बेसॉल्ट किंवा जीवाश्म प्रवाळ फिरवला, तर बाहेर येतो तो मळका, ओरखडलेला आणि भोकाभोकांत पांढरी पूड बसलेला दगड. मग लोक पॉलिशची पावडर बदलतात, शेवटचे दिवस वाढवतात, आणि तरीही फरक पडत नाही. कारण दगड बिघडलेला असतो तीन आठवडे आधीच.

टंबलरमध्ये छिद्र रिकामं राहत नाही. त्यात पाणी शिरतं, चिखल शिरतो किंवा ग्रिटचा दाणा शिरतो. नाहीतर तुम्ही आधीच भरलेलं रेझिन (सुकून घट्ट होणारा चिकट द्रव) तिथे असतं. छिद्रात काय असावं हे तुम्ही ठरवलं नाही, तर ६० नंबरची ग्रिट ठरवते (नंबर जितका लहान, तितका दाणा भरड). तिचा दाणा साधारण पाव मिलिमीटरचा असतो. पॉलिश पावडरचा कण असतो एक मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे त्याच्या अडीचशेव्या हिश्शाएवढा. पहिल्या टप्प्यात अडकलेले चारच दाणे शेवटच्या टप्प्यात सुटले, तरी ते सगळ्या ड्रममधल्या दगडांवर रेघोट्या ओढतात. पुढची बहुतेक मेहनत या चार दाण्यांसाठीच आहे.

छिद्र कुठल्या जातीचं आहे

नुसतं 'सच्छिद्र' म्हणून भागत नाही. बेसॉल्टमध्ये वायूच्या बुडबुड्यांनी झालेली भोकं, अकीकाच्या पोटातली पोकळी किंवा प्रवाळाची घरं डोळ्यांना दिसतात. यांच्या भिंती सहसा घट्ट असतात, प्रश्न फक्त भोकात अडकणाऱ्या मालाचा असतो. फिरोजा, हाउलाइट, मॅग्नेसाइट आणि खडूसारखे चुनखडक यांची छिद्रं भिंगातूनही दिसत नाहीत. ते टिपकागदासारखं पाणी ओढतात आणि पाण्याबरोबर रंग व मळही. तिसरी जात म्हणजे दाण्यादाण्यांमधली पोकळी, वाळूच्या खडकासारखी. आणि चौथी म्हणजे भेगा. भेगेला लोक छिद्र मानत नाहीत, पण ग्रिट लपवण्यात ती भोकापेक्षा वाईट, कारण ब्रशचा केस तिच्यात शिरतच नाही.

ओळखायला दोन चाचण्या पुरतात. दगड धुऊन पूर्ण वाळवा आणि त्यावर पाण्याचा एक थेंब ठेवा. थेंब पाच मिनिटं तसाच बसून राहिला तर पृष्ठभाग घट्ट आहे. मिनिटभरात पसरून जिरला तर दगड पाणी ओढतो. ठेवता ठेवताच गडप झाला तर रेझिनशिवाय त्याच्यावर पॉलिश चढेल ही आशा सोडा.

दुसरी चाचणी वजनाची, आणि ती जास्त भरवशाची. ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा घ्या. कोरडा दगड तोला, २४ तास पाण्यात ठेवा, ओलसर फडक्याने वरचं पाणी टिपा आणि पुन्हा तोला. १०० ग्रॅमच्या दगडाचं वजन १ ग्रॅमपेक्षा कमी वाढलं तर तो नेहमीच्या पद्धतीने चालवा. १ ते ३ ग्रॅम वाढलं तर आधी भिजवणं आणि टप्प्यांमधली कडक सफाई पुरते. त्याच्या वर गेलं तर रेझिनने भरायचा की सोडायचा, एवढाच निर्णय उरतो. हे आकडे कामचलाऊ आहेत, पण दहा दगडांतून वर्गवारी करायला चांगले. एक अडचण लक्षात ठेवा: मोठी उघडी भोकं पाणी धरून ठेवत नाहीत, उचलल्यावर ओघळून जातं. म्हणून भोकाळ बेसॉल्ट या चाचणीत सहज पास होतो. त्याच्यासाठी डोळे आणि भिंगच.

ड्रममध्ये घालूच नयेत असे

प्युमिस पाण्यावर तरंगतो. तरंगणारा दगड तळाशी घासला जात नाही, आणि त्याच्या भिंती म्हणजे फेसाळ काचेचे पापुद्रे असतात. ते मोडून ग्रिटमध्ये मिसळतात. नखाने किंवा खिळ्याने खरवडल्यावर दाणे सुटतात असा वाळूचा खडकही नको. सुटणारा दाणा बहुधा गारगोटीचाच असतो, १ ते १० च्या मोहस मोजपट्टीवर कठीणपणा ७. म्हणजे तो दगड शेवटपर्यंत स्वतःची भरड ग्रिट स्वतःच पुरवत राहतो. ज्याच्यात दाणे सिलिकानेच घट्ट सांधलेले असतात तो क्वार्ट्झाइट मात्र उत्तम पॉलिश घेतो. दिसायला दोघे भाऊ, म्हणून खिळ्याची परीक्षा चुकवू नका. जांभा दगड, मऊ खडू आणि जिप्सम यांचाही नाद सोडा.

कठीणपणा एका ड्रममध्ये एकसारखा ठेवायचा हा टंबलिंगचा जुना नियम इथे जास्तच कडक आहे. हाउलाइटचा कठीणपणा ३.५ च्या आसपास, फिरोजाचा ५ ते ६, लाजवर्दाचा ५ ते ५.५, अकीकाचा ६.५ ते ७. हाउलाइट अकीकाबरोबर फिरवला तर अकीक त्याला खाऊन टाकतो आणि हाउलाइटची पांढरी पूड अकीकाच्या भेगांत जाऊन बसते.

साहित्य

पुढची सगळी मापं रबरी आतल्या अंगाच्या, सुमारे दीड किलो क्षमतेच्या फिरत्या ड्रमची आहेत. मोठा चमचा म्हणजे १५ मिलिलिटर, वर काठापर्यंत सपाट. ड्रम दुप्पट असेल तर माप दुप्पट.

सिलिकॉन कार्बाइडची ६०/९०, १२०/२२० आणि ५०० नंबरची ग्रिट, आणि पॉलिशसाठी १ मायक्रॉन किंवा त्याहून बारीक अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड हा नेहमीचा संच. सच्छिद्र दगडांसाठी त्यात थोडी भर घालावी लागते. पांढऱ्या किंवा फिकट दगडासाठी पांढरी अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड ग्रिट मिळाली तर घ्या. सिलिकॉन कार्बाइड काळी असते, तिचा करडा चिखल हाउलाइटच्या किंवा संगमरवराच्या छिद्रांत मुरला की तो निघत नाही. दगड कळकट दिसतो आणि दोष पॉलिशला दिला जातो.

ड्रममध्ये दगडांसोबत भरण म्हणून सिरॅमिकचे छोटे तुकडे लागतात. ते निवडताना भोकाचं माप बघा. ३ मिलिमीटरची भोकं आणि ३ मिलिमीटरचे सिलिंडर ही जोडी म्हणजे बाटलीला बूच. भोकांपेक्षा स्पष्ट मोठे किंवा स्पष्ट लहान तुकडे घ्या. मऊ दगडांसाठी प्लास्टिकचे दाणे बरे, आदळआपट कमी होते. पण ते सुरुवातीला पाण्यावर तरंगतात, चिखल दाटल्यावरच मिसळतात, आणि त्यांच्यात ग्रिट रुतते. म्हणून प्रत्येक नंबरच्या ग्रिटचे दाणे वेगळ्या डब्यात, डब्यावर नंबर लिहून. पॉलिशसाठी तर शक्य असेल तर ड्रमही वेगळाच ठेवा.

याशिवाय दोन-तीन बादल्या, चाळणी, जुने टूथब्रश, लाकडी दातकोरणी आणि एक पांढरी बशी. बशीचं काम पुढे येईल. अल्ट्रासोनिक क्लीनर (ध्वनिलहरींनी मळ सोडवणारं यंत्र) असेल तर निम्मी चिंता मिटते.

धुणं, वाळवणं, निवड

दगड आधी साध्या पाण्यात ब्रशने धुवा. समुद्रकाठचे असतील तर चार-पाच दिवस गोड्या पाण्यात ठेवून रोज पाणी बदला, छिद्रांतलं मीठ एका दिवसात निघत नाही. चुनखडक, संगमरवर, प्रवाळ यांना व्हिनेगर किंवा कुठलंही आम्ल लावू नका. त्यांच्यातला कॅल्साइट विरघळतो आणि छिद्रं अजून मोठी होतात.

आता प्रत्येक दगड हातात घेऊन बघा. ज्याचं भोक दगडाच्या आरपार किंवा भोकाच्या रुंदीपेक्षा खोल आहे तो एका ढिगात. ज्याची भोकं उथळ, बशीसारखी आहेत तो दुसऱ्यात. ही निवड पुढचं सगळं ठरवते. उथळ भोक भरड टप्प्यात घासून नाहीसं होऊ शकतं आणि तेच सगळ्यात चांगलं. खोल भोक घासून जात नाही. त्यात बसलेला दाणा झिजतही नाही, कारण झिजायला त्याला दुसऱ्या दगडाशी घासावं लागतं आणि तो तर आत आरामात बसलेला असतो. खोल भोकाला दोनच उपाय: बुजवणं, किंवा प्रत्येक टप्प्यानंतर एकेक करून कोरणं.

रेझिन भरायचं असेल तर, आणि कधी

दगड ठिसूळ असेल, म्हणजे खडूसारखा फिरोजा किंवा बोटाने भुरा सुटणारं जीवाश्म लाकूड, तर पहिल्या टप्प्याच्या आधीच भरा. नाहीतर भरड ग्रिट त्याची पूड करेल. दगड घट्ट असेल आणि फक्त भोकं असतील, तर आधी भरड टप्पा पूर्ण करा, साफ करा, वाळवा आणि मग भरा. असं केल्याने उथळ भोकं फुकट निघून जातात, आणि रेझिन नेमकं शेवटच्या पृष्ठभागाच्या पातळीला बसतं. कच्च्या दगडात आधीच भरलं तर वरचे दोन मिलिमीटर घासून गेल्यावर खालून नवी भोकं उघडतात, आणि तुम्ही पुन्हा पहिल्या पायरीवर.

भरण्याआधी दगड खरोखर कोरडा हवा. ५० ते ६० अंश सेल्सिअसला २४ ते ४८ तास ठेवा आणि मधून मधून तोला. सहा तासांच्या अंतराने घेतलेली दोन वजनं सारखी आली की कोरडा झाला. ओला दगड एकदम तापवू नका, आतली वाफ त्याला फोडते. ओपलला तर उष्णता दाखवूच नका.

पातळ, हळू सुकणारं इपॉक्सी (दोन भाग मिसळून घट्ट होणारं रेझिन) घ्या. पाच मिनिटांत घट्ट होणारं नको, ते छिद्राच्या तोंडाशीच अडकतं. दोन्ही भाग पाकिटावरच्या प्रमाणात काट्यावर तोलून मिसळा. अंदाजाने मिसळलेलं इपॉक्सी चिकट राहतं आणि चिकट रेझिनवर ग्रिट माशीसारखी बसते. दगड ५० अंशांच्या आसपास कोमट असतानाच लावा. दोन फायदे होतात: उष्णतेने रेझिन पातळ होतं, आणि दगड निवताना आतली हवा आकसून रेझिन आत ओढते. दर दहा मिनिटांनी बघा, जिथे जिरलं तिथे पुन्हा लावा. पिणं थांबलं की वरचं जास्तीचं रेझिन फडक्याने पुसून टाका. हे पुसणं टाळलं तर वरचा थर काढायला ड्रमला आठवडाभर राबावं लागतं, आणि रेझिनचा भुगा चिखलात मिसळून तो गिचगिचीत होतो. नंतर दगड जाळीवर ठेवा. वरून सुकायला २४ तास लागतात, पण ड्रममध्ये घालण्याआधी पूर्ण ७ दिवस द्या.

व्हॅक्यूम चेंबर असेल तर दगड रेझिनमध्ये बुडवून हवा ओढा, बुडबुडे थांबेपर्यंत. इथे एक गैरसमज फार चालतो. व्हॅक्यूम रेझिन आत ढकलत नाही, तो फक्त हवा बाहेर काढतो. रेझिन आत जातं ते व्हॅक्यूम सोडल्यावर, बाहेरच्या हवेच्या दाबाने. म्हणून सोडल्यानंतर दगड लगेच बाहेर काढू नका, अर्धा-पाऊण तास बुडलेलाच राहू द्या. साधी काचेची बरणी यासाठी वापरू नका, ती आतल्या बाजूला फुटू शकते.

बारीक भेग किंवा एकटं-दुकटं भोक असेल तर पातळ सायनोॲक्रिलेट गोंद, म्हणजे सुपरग्लू, चालतो. मोठ्या भोकात त्याच दगडाची बारीक पूड दाबून वर थेंब सोडा. मात्र आठवडेच्या आठवडे पाण्यात राहून हा गोंद कमकुवत होतो, म्हणून तो डागडुजीपुरताच. पुसायला सुती कापड किंवा कापूस घेऊ नका. त्याच्याशी या गोंदाची अभिक्रिया होऊन चटका बसण्याइतकी उष्णता निघते. इपॉक्सी असो वा गोंद, नायट्राइलचे हातमोजे आणि उघड्या खिडक्या हव्यात, आणि स्वयंपाकाचा ओव्हन या कामाला नको.

रेझिन भरल्यावर सगळं सपाट, आरशासारखं होईल असं मात्र नाही. रेझिन दगडापेक्षा मऊ, म्हणून ते जास्त झिजतं आणि भरलेल्या जागी हलकी खळगी राहते. बोट फिरवल्यावर जाणवते. ही खळगी टाळता येत नाही, कमी करता येते: टप्प्यांचे दिवस गरजेपुरतेच ठेवा, आणि ड्रम भरलेला ठेवा म्हणजे आदळणं कमी. भरण्याचा मुख्य उपयोग दिसण्यासाठी नाहीच, ग्रिटला लपायला जागा न देणं हा आहे.

पहिला टप्पा: ६०/९०

रेझिन न भरलेले दगड ड्रममध्ये टाकण्याआधी २४ तास स्वच्छ पाण्यात भिजवा. ही एवढी साधी गोष्ट सगळ्यांत जास्त वेळा टाळली जाते. छिद्रं आधीच स्वच्छ पाण्याने भरलेली असली की ती चिखल कमी ओढतात. दुसरा फायदा पाण्याच्या पातळीचा. ९०० ग्रॅम कोरडे दगड ३ टक्के पाणी पीत असतील तर ते २७ मिलिलिटर पाणी ओढून घेतात, जवळजवळ दोन मोठे चमचे. छोट्या ड्रममध्ये तेवढ्याने चिखल घट्ट होतो, दगड घसरण्याऐवजी एकगठ्ठा फिरतात आणि दोन दिवसांनी झाकण उघडल्यावर काहीच घासलेलं नसतं.

ड्रम दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश भरा, सिरॅमिक धरून. दगड एकाच मापाचे नकोत, १० ते ३५ मिलिमीटरपर्यंत मिसळलेले असू द्या. ६०/९० ग्रिट ४ मोठे चमचे. पाणी वरच्या थरातल्या दगडांच्या खालच्या कडेपर्यंत, त्यांना बुडवेल इतकं नाही. झाकण लावण्याआधी कडेची खाच पुसा, तिथे अडकलेला दाणा झाकण गळकं करतो.

पहिले दोन-तीन दिवस रोज एकदा ड्रम थांबवून उघडा. काही दगडांमुळे आत वायू साठतो आणि झाकण फुगतं. भोकाळ दगडांतून अडकलेली हवाही बाहेर येते आणि पाण्याची पातळी खाली जाते. चिखल पातळ सायीसारखा हवा, गरज वाटली तर चमचाभर पाणी घाला. आवाजही ऐका. दबका, सळसळता आवाज ठीक. खडखडाट म्हणजे भरण कमी. आवाजच नाही म्हणजे सगळा गोळा एकत्र फिरतोय.

७ दिवस झाले की उघडून बघा. आकार गोलसर झाला नसेल, उथळ भोकं शिल्लक असतील तर नवी ग्रिट घालून अजून ७ दिवस. भोकाळ दगडांना या टप्प्याच्या तीन-चार फेऱ्या लागणं नेहमीचंच. पुढे गेल्यावर काहीही भरून निघत नाही, म्हणून इथे कंटाळा करू नका. प्रत्येक फेरीनंतर तयार दगड बाजूला काढा आणि पाण्यातच ठेवा.

४ पेक्षा कमी कठीण दगडांना हा टप्पा लावूच नका. हाउलाइट, संगमरवर, चुनखडक यांची सुरुवात १२०/२२० पासून, ३ चमचे, आणि ३-४ दिवसांनी तपासणी. त्यांचा एक आठवडा म्हणजे अर्धा दगड गायब.

टप्प्यांमधली सफाई

पहिला नियम: दगड वाळू देऊ नका. ड्रममधून काढल्यापासून साफ होईपर्यंत ते पाण्यातच राहिले पाहिजेत. छिद्रातला चिखल एकदा वाळला की सिमेंटसारखा धरतो आणि मग ब्रशला दाद देत नाही. ड्रम उघडण्याची वेळ अशी निवडा की हातात दीड-दोन तास असतील.

सगळं चाळणीवर ओता, खाली बादली. पहिल्या बादलीत खळखळून धुवा, दुसरीत पुन्हा. मग प्रत्येक दगड ब्रशने, भोकं दातकोरणीने. धातूची सुई मऊ दगडावर रेघ सोडते, म्हणून लाकूड बरं. पाण्याची बारीक जोरदार धार मिळाली, अगदी दात साफ करायच्या फवाऱ्याची, तर ती भोकांतून दाणे छान उडवते.

आता धुतलेला ड्रम घ्या. त्याचा तळ, झाकण आणि काठाची खाच बोटाने चाचपून पाहा. दगड, नवीन किंवा फक्त सफाईसाठी राखलेलं सिरॅमिक, वरपर्यंत पाणी आणि एक चमचा बोरॅक्स (टाकणखार) किंवा भांडी घासायच्या साबणाचे थेंब घालून एक तास फिरवा. पाणी ओता, पुन्हा भरा, पुन्हा फिरवा. पाणी नितळ निघेपर्यंत, साधारण तीन वेळा. अल्ट्रासोनिक असेल तर त्यानंतर पाच-दहा मिनिटांच्या दोन-तीन फेऱ्या, दर वेळी नवं पाणी. भोकातून धुराची रेघ निघावी तसा गाळ बाहेर येताना दिसतो. तो थांबेपर्यंत चालू ठेवा. भेगाळ आणि नाजूक दगड मात्र त्यात घालू नका.

मग बशी. पांढऱ्या बशीत स्वच्छ पाणी, त्यात दगड, भोकं खालच्या बाजूला करून रात्रभर ठेवा. सकाळी दगड अलगद उचला आणि तळ बघा. काळे, टॉर्चच्या उजेडात चमकणारे कण दिसले, बोटाखाली कचकच लागली, तर सफाई झालेली नाही. पुन्हा करा. कण दिसत असताना पुढे गेलात तर पुढच्या आठवड्याची वीज आणि ग्रिट दोन्ही वाया. एखादा दगड तीन वेळा धुऊनही बशीत कण टाकत असेल तर तो या खेपेतून काढा. एकाच्या हट्टापायी वीस दगड खराब होतात.

चिखलाचं पाणी सिंकमध्ये किंवा संडासात ओतू नका, पाइपमध्ये तो दगड होतो. बादलीत दोन दिवस स्थिर ठेवा, वरचं नितळ पाणी काढून टाका, खालचा गाळ पिशवीत बांधून कचऱ्यात. वाळलेला गाळ झाडायचा नाही, ओल्या फडक्यानेच पुसायचा. त्यात सिलिकाची बारीक धूळ असते आणि ती फुप्फुसात गेली की परत निघत नाही. फिरोजा, मॅलकाइट, क्रायसोकोला यांत तांबं असतं, त्यांची धूळही नाकापासून दूर. कोरडी ग्रिट मोजतानाही मास्क लावा.

१२०/२२० आणि ५००

इथे फार सांगण्यासारखं नाही. १२०/२२० चे ४ चमचे, ७ दिवस. सफाई. ५०० चे ४ चमचे, ७ ते १० दिवस. सफाई. भरड टप्प्यानंतर रेझिन भरलेले दगड १२०/२२० पासून आत घ्या, वर राहिलेला पातळ थर इथेच निघतो. प्रत्येक टप्प्याला ताजं किंवा त्याच नंबरचं सिरॅमिक.

५०० चा टप्पा सच्छिद्र दगडांना दोनदा द्यावा. पहिली फेरी बळीचा बकरा: राहिलेले भरड दाणे सुटायचे ते इथे सुटतात, रेघा ओढतात आणि झिजून बारीक होतात. दुसरी फेरी, स्वच्छ दगड आणि ताज्या ग्रिटने, त्या रेघा काढते. आठ दिवस जास्त जातात, पण पॉलिशच्या टप्प्यावर डोकं धरून बसण्यापेक्षा ते परवडतं.

५०० नंतर दगड वाळवा आणि दिव्याखाली तिरका धरा. पृष्ठभाग एकसारखा, रेशमी, किंचित चमकदार हवा. तपासणी कोरड्या दगडावरच करायची. ओला दगड नेहमीच सुंदर दिसतो, तिथेच लोक फसतात. शंका असेल तर जीन्सच्या जाड कापडावर पॉलिश पावडरची ओली पेस्ट घेऊन एक दगड दोन मिनिटं जोर लावून घासा. चमक आली तर सगळे पॉलिशला तयार आहेत. नाही आली तर ड्रममध्येही येणार नाही.

पॉलिश: ओलं की कोरडं

ओल्या पॉलिशला वेगळा ड्रम, अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड ४ चमचे, पाणी आधीइतकंच, ७ दिवस. दगड पुन्हा एकदा आधी भिजवून घ्या. मऊ दगड आदळून त्यांना पांढरे ठिपके पडत असतील तर प्लास्टिकचे दाणे वाढवा. चिखल दाट करण्यासाठी काहीजण माती घालतात. सच्छिद्र दगडात ती छिद्रात बसते. दाटपणा हवाच असेल तर एक-दोन चमचे साखर घाला, ती शेवटी पाण्यात विरघळून निघून जाते.

गडद आणि भोकाळ दगडांत पांढरं पॉलिश भरून राहतं, ही सगळ्यात ठळक तक्रार. काळा बेसॉल्ट पिठात लोळल्यासारखा दिसतो. वाळण्याआधीच बोरॅक्सच्या पाण्यात एक-एक तासाच्या तीन फेऱ्या आणि मग अल्ट्रासोनिक, एवढ्याने बरंचसं निघतं. वाळल्यावर लक्षात आलं तर दोन दिवस पाण्यात भिजवून मग ब्रश.

न भरलेल्या, पाणी ओढणाऱ्या फिरोजासारख्या दगडांना कोरडं पॉलिश जास्त मानवतं, कारण छिद्रात ओढला जाईल असा चिखलच नसतो. दगड दोन दिवस पूर्ण वाळवा. ड्रममध्ये साधारण निम्मा मक्याच्या कणसाच्या बुरकुंडाचा रवाळ भुसा, एक ते दोन चमचे पॉलिश पावडर आणि दगड. ३ ते ७ दिवस. भुशाचा दाणा भोकाच्या मापाचा असेल तर प्रत्येक भोकात एकेक दाणा घट्ट बसतो आणि तो काढताना नाकीनऊ येतात, म्हणून माप बघूनच घ्या. हा ड्रम उघड्यावर, मास्क लावून उघडा. कोरडं पॉलिश रेघा काढत नाही, ते फक्त चमक चढवतं. ५०० चं काम कच्चं असेल तर ते चमकणाऱ्या रेघा देईल.

शेवटी एक चमचा किसलेला साधा साबण आणि भरपूर पाणी घालून दोन ते चार तास फिरवा. उरलेली पूड निघते आणि चमक थोडी वाढते.

बिघाड वाचताना

सगळ्या दगडांवर एकाच जाडीच्या लांब रेघा असतील तर भरड दाणा सुटलेला आहे. परत ५०० ला जा, पॉलिश वाढवून उपयोग नाही. रेघा नाहीत पण चमकही नाही, पृष्ठभाग धुरकट, तर ५०० चा टप्पा अपुरा. कडांवर पांढरे ठिपके असतील तर दगड आदळलेत, भरण कमी होतं. भोकांच्या भोवती झिजलेली कड आणि मध्ये सपाट चमक, म्हणजे दिवस जास्त झाले. पांढरा दगड आतून करडा झाला असेल तर सिलिकॉन कार्बाइडचा चिखल मुरला. तो बहुधा कायमचा. पुढच्या वेळी पांढरी ग्रिट आणि आधी भिजवणं. रेझिनच्या जागा बुरशीसारख्या मळक्या दिसत असतील तर रेझिन पूर्ण सुकण्याआधी ड्रम सुरू केला होता.

सगळं नीट झालं तरी भोकाळ दगड अकीकासारखा काचेरी दिसणार नाही. भोकांमधल्या जागा आरशासारख्या होतात, पण भोकं उजेड विखुरतात आणि एकूण चमक मवाळ राहते. त्या मवाळपणावर मेण चांगलं बसतं. दगड ५० अंशांपर्यंत कोमट करा, मायक्रोक्रिस्टलाइन मेण फडक्याने अगदी पातळ चोळा, निवल्यावर स्वच्छ कापडाने झटकून घासा. भोकात मेणाचा गोळा राहिला तर दातकोरणीने काढा, नाहीतर तिथे धूळ धरते. तेल लावू नका. पहिल्या दिवशी रंग खुलतो, मग ते असमान मुरतं आणि दगडावर चट्टे उरतात. रेझिन भरलेला किंवा मेण लावलेला दगड कोणाला विकणार किंवा देणार असाल तर तसं सांगून द्या, आणि तो ॲसिटोन किंवा नेलपॉलिश रिमूव्हरपासून दूर ठेवायला सांगा.